हिशोबाचीही दिनचर्या हवी



जुलै महिना उजाडला की आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयांत एक ठरावीक दृश्य दिसते. टेबलाच्या खालच्या खणातून वर्षभराच्या पावत्या, विजेची बिले, वनौषधींच्या व्यापाऱ्याने दिलेल्या चिठ्ठ्या आणि बँकेची पासबुके बाहेर निघतात, एका पिशवीत भरली जातात आणि करसल्लागाराकडे रवाना होतात. दोन दिवसांनी सल्लागाराचा दूरध्वनी येतो, "वैद्यराज, यंदा किती दाखवायचे?" आपण क्षणभर विचार करून एक आकडा सांगतो. मागील वर्षीच्या आकड्याहून तो थोडासा मोठा असतो, एवढाच त्याला आधार. आयकराचे विवरणपत्र भरले गेले, वर्ष सुटले, असे म्हणून आपण पुन्हा रुग्णांकडे वळतो.

अष्टविध परीक्षा केल्याखेरीज जो वैद्य चूर्णाची पुडी बांधत नाही, त्याने स्वतःच्या उत्पन्नाचे निदान मात्र असे अंदाजाने करावे, ही विसंगती आहे. ती वर्षानुवर्षे चालत आली म्हणून आपल्याला खटकेनाशी झाली. प्रस्तुत लेखात एकच गोष्ट मांडावयाची आहे. विवरणपत्र हे वर्षातून एकदा उरकायचे काम नसून चिकित्सालयातील रोजच्या नोंदीचे ते फलित आहे. आणि ही नोंद न ठेवल्याने सरकारचे जेवढे नुकसान होते, त्याहून कितीतरी अधिक आपले व आपल्या कुटुंबीयांचे होते.

एका स्नेह्याची गोष्ट

हे मत पुस्तके वाचून बनलेले नाही. तालुक्याच्या गावी वीस वर्षांहून अधिक काळ व्यवसाय केलेले माझे एक स्नेही वैद्य २०१८ साली रस्त्यावरील अपघातात गेले. वय ४८. मागे पत्नी आणि शिकणारी दोन मुले. मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे नुकसानभरपाईचा दावा दाखल झाला आणि वकिलांनी पहिली मागणी केली ती मागील तीन वर्षांच्या आयकर विवरणपत्रांची. वहिनींनी कपाटातून ती काढून दिली. वार्षिक उत्पन्न २ लाख ८० हजार रुपये. त्या मर्यादेत कर लागत नसे, म्हणून निवडलेला तो आकडा होता. प्रत्यक्षात खर्च वजा जाता सहा लाखांच्या आसपास उत्पन्न होते, हे आम्हा मित्रमंडळींना ठाऊक होते. पण आमच्या ठाऊक असण्याला न्यायाधिकरणापुढे काय किंमत?

भरपाई मोजण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या प्रकरणांतील निकालांत घालून दिली आहे. मृताचे करोत्तर वार्षिक उत्पन्न घ्यायचे. स्वयंरोजगार करणारी ४० ते ५० वयाची व्यक्ती असल्यास भावी वाढीपोटी त्यात २५ टक्के मिळवायचे. आश्रित तिघे असल्यास मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा करायचे. आणि ४६ ते ५० या वयोगटासाठी उरलेल्या रकमेला १३ ने गुणायचे. २ लाख ८० हजारांवरून हा हिशोब सुमारे ३० लाख ३३ हजारांवर येतो. उत्पन्न ६ लाख दाखवले असते, तर २०१७-१८ च्या दराने वर्षाला ३३ हजार ४७५ रुपये कर भरावा लागला असता आणि तो वजा करूनही हीच रक्कम ६१ लाख ३७ हजारांच्या घरात गेली असती. वर्षाकाठी ३३ हजार वाचवल्याची किंमत त्या कुटुंबाने ३१ लाखांच्या रूपाने मोजली. यात न्यायाधिकरणाचा काहीच दोष नाही. आमच्या स्नेह्याने स्वतःच्या सहीने जे लिहून दिले होते, ते त्यांनी खरे मानले, एवढेच.

त्याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. उत्पन्नाचा अन्य पुरावा मिळावा म्हणून आम्ही त्यांचे जुने केसपेपर काढले. तीन पेट्या भरून निघाले. रुग्णाचे नाव, गाव, लक्षणे, नाडी, दिलेले औषध, पथ्य, पुढच्या भेटीची तारीख, सारे सुवाच्य अक्षरांत. घेतलेल्या शुल्काची नोंद मात्र एकाही कागदावर नव्हती. पैशांविषयी लिहिणे त्यांना संकोचाचे वाटे. तो संकोच आपल्यापैकी बहुतेकांना आहे आणि तो आपल्या संस्कारांतून आला आहे. चिकित्सेचा बाजार मांडणाऱ्याची चरकसंहितेत निर्भर्त्सना आहे, हे आपण सारे जाणतो. पण बाजार मांडू नये याचा अर्थ हिशोब ठेवू नये असा होत नाही.

कायदा वैद्याला ओळखतो

आपला व्यवसाय कायद्याच्या खिजगणतीत नाही, असा एक समज आपल्यात आढळतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंत लागू असलेल्या १९६२ च्या आयकर नियमांतील सहाव्या नियमाचा 'एफ' हा भाग पाहिला, तर तो समज दूर होतो. वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्याने कोणती पुस्तके ठेवावीत हे त्यात सांगितले आहे आणि त्यासोबत '३ सी' नावाचा रोजच्या रुग्णनोंदीचा नमुना दिला आहे. हा नमुना कोणी भरायचा, हे त्याच्या शीर्षकातच लिहिलेले आहे. कोणत्याही चिकित्सापद्धतीचे व्यावसायिक, म्हणजे फिजिशियन, सर्जन, दंतवैद्य इत्यादींबरोबर 'वैद' आणि 'हकीम' हे शब्द तेथे स्पष्टपणे छापलेले आहेत.

या नमुन्यात रकाने किती? तारीख, अनुक्रमांक, रुग्णाचे नाव, दिलेल्या सेवेचे स्वरूप, मिळालेले शुल्क आणि ते मिळाल्याची तारीख. बस्स. याखेरीज वर्षाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी औषधांचा व वापरातील साहित्याचा साठा ढोबळ वर्गवारीने लिहून ठेवायचा. आपल्या भाषेत सांगायचे तर चूर्णे, गुटी-वटी, भस्मे, आसवारिष्टे, घृते, तेले आणि कच्ची वनौषधी अशी सात सदरे केली की काम भागते. रोजकीर्द, खतावणी, दिलेल्या बिलांच्या प्रती आणि खर्चाच्या मूळ पावत्या ही बाकीची सामग्री. आधीच्या तिन्ही वर्षांत एकूण प्राप्ती दीड लाखांहून अधिक असलेल्या व्यावसायिकास ही पुस्तके लागू होती, आणि आकारणी वर्ष संपल्यापासून सहा वर्षे जपून ठेवण्याची अट होती.

कायद्याने आपल्यावर विश्वासही टाकलेला आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमानुसार विक्रीसाठी आयुर्वेदीय औषध बनवण्यास परवाना लागतो. परंतु स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनवणाऱ्या वैद्यास त्यातून सूट आहे. आपल्या खलबत्त्यात काय कुटले जाते हे पाहण्यास निरीक्षक येत नाही. ज्या व्यवसायावर एवढा विश्वास टाकला गेला, त्याने आपली नोंदवही तरी स्वच्छ ठेवावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

लपवायचे तरी कशासाठी?

आता प्रत्यक्ष कराच्या आकड्यांकडे वळू. २०१६ च्या वित्त अधिनियमाने १९६१ च्या आयकर कायद्यात '४४ एडीए' हे कलम आले. ठरावीक व्यावसायिकांची, आणि त्यांत वैद्यकीय व्यवसाय आलाच, एकूण वार्षिक प्राप्ती ५० लाखांपर्यंत असेल, तर तिचा निम्मा भाग हेच उत्पन्न मानून कर भरण्याची मुभा या कलमाने दिली. रोखीतील प्राप्ती पाच टक्क्यांहून अधिक नसल्यास ही मर्यादा पुढे ७५ लाखांपर्यंत वाढवण्यात आली. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ अंमलात आला. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आणि 'कर वर्ष' हा नवा शब्द आला, तरी अनुमानित उत्पन्नाची ही सोय कायम ठेवलेली आहे.

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत एकूण उत्पन्न असणाऱ्या निवासी व्यक्तीस सवलतीमुळे कर शून्य येतो. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. ज्या वैद्याची वर्षाची एकूण प्राप्ती २४ लाख आहे, त्याचे अनुमानित उत्पन्न १२ लाख होते. अन्य उत्पन्न नसेल, तर त्याला आयकर म्हणून एक रुपयाही भरावा लागत नाही. २४ लाख म्हणजे महिन्याला दोन लाखांची प्राप्ती. तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या गावी एकट्याने चिकित्सालय चालवणारे किती वैद्य याच्या पुढे जातात, हे ज्याने त्याने मनाशी पाहावे.

मग लपवायचे ते कशासाठी? पूर्वी कर लागत होता म्हणून लपवत होतो, असे म्हणण्यात निदान हिशोब तरी होता. आज अनेकांच्या बाबतीत कराचे कारणच उरलेले नाही. उरली आहे ती केवळ सवय. आणि या सवयीपायी पंचकर्म कक्षासाठी कर्ज मागायला गेलेला वैद्य बँकेच्या व्यवस्थापकापुढे ओशाळा होतो. महिन्याला पंचवीस हजारांचे उत्पन्न दाखवणाऱ्यास पंचवीस लाखांचे कर्ज कोणती बँक देईल? मुलांच्या परदेशी शिक्षणासाठी व्हिसा, विम्याची मोठी रक्कम, घराचे कर्ज, सर्वत्र तोच कागद पुढे येतो.

येथे एक सावधगिरीची सूचना. कर शून्य आहे म्हणजे विवरणपत्र भरायला नको, असे नाही. उत्पन्न करमुक्त मर्यादेहून, म्हणजे २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत ४ लाखांहून अधिक असेल, तर सवलतीने कर शून्य होत असला तरी विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे. शिवाय २०२२ पासून व्यावसायिक प्राप्ती १० लाखांहून अधिक असल्यास उत्पन्न कितीही कमी असले तरी ते भरावे लागते. मुदतीनंतर भरल्यास पाच हजार, आणि उत्पन्न पाच लाखांपर्यंत असल्यास एक हजार रुपयांपर्यंत विलंबशुल्क पडते. मुदतीत बदल होत असतात. २०२५ साली ती १६ सप्टेंबरपर्यंत वाढली होती. म्हणून दरवर्षीची तारीख एप्रिलमध्येच विचारून भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवणे हिताचे.

निम्म्याचा मोह

'४४ एडीए' निवडल्यास पुस्तके ठेवण्याची सक्ती राहत नाही. यावरून आपल्यातील काहींनी सोयीस्कर अर्थ काढला आहे की आता लिहायचेच कारण नाही. मला हा अर्थ घातक वाटतो. त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण साधे आहे. निम्मे म्हणजे कशाचे निम्मे? एकूण प्राप्तीचे. ती किती, हे नोंदवहीखेरीज कोण सांगणार? सहा महिन्यांनी विचारणा झाली, तर बँकेतील जमा दाखवता येईल. पण गल्ल्यातील रोख रकमेचे काय? शिवाय हे पन्नास टक्के म्हणजे किमान. प्रत्यक्ष उत्पन्न अधिक असल्यास अधिक दाखवावे, अशीच कलमाची रचना आहे.

दुसरे कारण खास आपल्या व्यवसायाचे आहे आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. केवळ सल्ला देऊन चिठ्ठी लिहिणाऱ्या वैद्याचा खर्च थोडा असतो. त्याला निम्म्याचा नियम लाभाचा ठरतो. परंतु जो वैद्य औषध स्वतः बनवून शुल्कातच देतो, ज्याच्याकडे घृते सिद्ध होतात, तेले पाकावर येतात, पंचकर्मासाठी परिचारक ठेवलेले असतात, त्याचा खर्च निम्म्याहून पुष्कळ अधिक असू शकतो. गाईचे तूप, मध, केशर, रौप्य आणि सुवर्ण यांचे भाव आपण जाणताच.

उदाहरण घेऊ. एका पंचकर्म चिकित्सालयाची वार्षिक प्राप्ती ४० लाख. औषधीद्रव्ये, पगार, भाडे, वीज व इंधन मिळून प्रत्यक्ष खर्च २८ लाख; म्हणजे खरे उत्पन्न १२ लाख. 'निम्मे' निवडल्यास उत्पन्न २० लाख धरले जाईल आणि २०२५-२६ च्या नव्या प्रणालीत उपकरासह २ लाख ८ हजार रुपये कर पडेल. प्रत्यक्ष हिशोब दाखवल्यास कर शून्य. अर्थात निम्म्याहून कमी उत्पन्न दाखवायचे आणि ते करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर पुस्तके ठेवून लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. परीक्षणाचे शुल्क दोन लाखांहून बरेच कमी असते. पण ज्याच्याजवळ नोंदीच नाहीत, तो परीक्षण कशाचे करून घेणार? नोंदवही नसणाऱ्याला निवडीचा हक्कच उरत नाही.

औषधालय चालवणाऱ्या बंधूंसाठी

आयुर्वेदीय औषधांचे दुकान चालवणारे आपले सभासद व्यापारी या सदरात येतात. त्यांच्यासाठी '४४ एडी' हे कलम होते. दोन कोटींपर्यंत, आणि रोख व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असल्यास तीन कोटींपर्यंत उलाढाल असेल, तर रोखीच्या विक्रीवर ८ टक्के आणि बँकेमार्फत वा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के उत्पन्न धरता येते. वर्षाची विक्री ८० लाख, त्यापैकी ६० लाख यूपीआयने व २० लाख रोखीने असेल, तर अनुमानित उत्पन्न ५ लाख २० हजार येते. दर्शनी भागात लावलेल्या क्यूआर कोडचा हा लाभ आहे. पण तोच कोड सारी विक्री बँक खात्यात उमटवून ठेवतो, हे विसरू नये. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातील वाणिज्य कर विभागाने यूपीआयच्या जमा रकमांवरून लहान व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्याचे आपण वाचले असेल. नोव्हेंबर २०२१ पासून मिळणाऱ्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे 'एआयएस'मध्ये, व्याज, लाभांश, कापलेला कर, मोठे रोख भरणे आणि जीएसटीत दाखवलेली उलाढाल एकत्र पाहता येते. जीएसटीत एक विक्री आणि आयकरात दुसरी, हा प्रकार आता चार दिवसही टिकत नाही.

ज्यांचे चिकित्सालय आणि औषधालय एकाच छपराखाली आहे, त्यांनी विशेष दक्षता घ्यावी. रुग्णतपासणीची सेवा जीएसटीतून मुक्त आहे. दुकानातील औषधविक्री करपात्र आहे आणि आयुर्वेदीय औषधांवरील दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. व्यवसाय आणि व्यापार दोन्ही करणाऱ्या एकाच व्यक्तीस व्यापारापुरते '४४ एडी' घेता येते का, याविषयी करसल्लागारांत दोन मते आहेत. म्हणून दोन्हींची बँक खाती, पावतीपुस्तके आणि क्यूआर कोड निराळे ठेवावेत. उद्या कोणतेही मत ग्राह्य ठरले, तरी आपले आकडे तयार असतील.

आणखी दोन गोष्टी. वनौषधींची खरेदी आपल्याकडे अजूनही बरीचशी रोखीने होते. प्रत्यक्ष हिशोबावर कर भरणाऱ्याने एकाच व्यक्तीस एका दिवशी दहा हजारांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च मान्य होत नाही. दुसरे, पंचकर्माच्या दीर्घ उपचारांचे शुल्क दोन लाख वा अधिक होत असेल, तर ते रोखीने स्वीकारूच नये. तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. औषधकंपन्यांकडून मिळणाऱ्या वस्तू व सहली यांवरही १ जुलै २०२२ पासून, वर्षाला वीस हजारांहून अधिक मूल्य झाल्यास, दहा टक्के कर कापण्याचे बंधन कंपनीवर आले आहे. ती नोंद आपल्या नावावर उमटतेच.

काही आक्षेप

हा विषय बैठकींत निघाला की तीन आक्षेप हमखास ऐकू येतात. पहिला असा की, रुग्णाचे नाव वहीत लिहिल्याने गुप्ततेचा भंग होतो. वंध्यत्वाचा वा त्वचारोगाचा रुग्ण संकोचतो. आक्षेपामागील भावना योग्य आहे. परंतु '३ सी' नमुन्यात व्याधीचे निदान विचारलेले नाही. सेवेचे स्वरूप म्हणजे सामान्य सल्ला, शस्त्रकर्म, इंजेक्शन, घरभेट एवढेच. निदान केसपेपरवर राहू द्यावे. पैशाची वही निराळी ठेवावी.

दुसरा आक्षेप, आम्ही गरिबांना विनामूल्य तपासतो, त्याचे काय? त्याचे नावही वहीत यावे आणि शुल्काच्या रकान्यात शून्य लिहावे. आपली सेवा दाखवणारा दुसरा कोणता कागद आपल्यापाशी आहे? वर्षाला तीनशे रुग्ण विनामूल्य पाहिले, असे नुसते म्हणणे आणि वही उघडून दाखवणे यांत फरक आहे.

तिसरा आक्षेप, खरे दाखवले की खात्याचा ससेमिरा लागतो. ही भीती मी जुन्या पिढीकडून ऐकली आहे आणि तिच्यात कधीकाळी तथ्य असेलही. आज मात्र उलट दिसते. विचारणा होते ती माहिती आणि विवरणपत्र जुळत नाही तेव्हा. खोट्या वजावटी दाखवून परतावा मिळवून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थांच्या मागे लागू नये, हेही येथे सांगितले पाहिजे. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने देशभर अशांवर कारवाई केली. मध्यस्थ आपले शुल्क घेऊन मोकळा होतो. विवरणपत्राखाली नाव मात्र आपले असते.

काय करता येईल

उपाय सोपा आहे आणि आपल्या शास्त्राच्या प्रकृतीला धरून आहे. व्याधी झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा दिनचर्या आणि ऋतुचर्या पाळावी, असे आपण रुग्णाला सांगतो. हिशोबाचीही तशीच चर्या असावी.

रोज चिकित्सालय बंद करताना दहा मिनिटे नोंदवहीला द्यावीत; रोख किती, यूपीआय किती, येणे किती. महिन्याच्या शेवटी वहीची बेरीज बँकेच्या जमेशी ताडून पाहावी आणि खर्चाच्या पावत्या एका जाड पाकिटात घालून त्यावर महिना लिहावा. ३१ मार्चच्या संध्याकाळी बरण्या, डबे, पिंपे मोजून साठ्याची यादी करावी. वर्षाचा कर दहा हजार वा अधिक होणार असेल तर आगाऊ कर भरावा. अनुमानित पद्धत घेणाऱ्यास तो १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो, इतरांस जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या महिन्यांच्या १५ तारखांपर्यंत चार हप्ते पडतात. विवरणपत्र भरण्यापूर्वी 'एआयएस' डोळ्यांखालून घालावे. आणि भरल्यावर तीस दिवसांच्या आत त्याचे प्रमाणीकरण करावे, अन्यथा सारा खटाटोप व्यर्थ जातो. एवढे केले की सल्लागाराच्या दूरध्वनीवर "किती दाखवायचे?" हा प्रश्न उरत नाही. आपण वही पाठवतो, तो हिशोब करतो.

संघटनेलाही एक विनंती आहे. आपण दरवर्षी दिनदर्शिका छापतो. तिच्या जोडीला '३ सी'च्या रकान्यांची मराठी नोंदवही छापून सभासदांस अल्प मूल्यात द्यावी. शेवटची आठ पाने साठ्याच्या यादीसाठी राखावीत आणि मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस त्या वर्षीच्या करविषयक तारखा द्याव्यात. मार्चमधील सभेत एखाद्या जाणकार सनदी लेखापालास बोलावून एक तास या विषयाला द्यावा. नव्या कायद्यातील कलमे व नमुने यांची ओळखही त्याच वेळी होईल. तरुण वैद्यांना पदवीच्या साडेपाच वर्षांत हे कोणी शिकवत नाही. ते शिकवण्याचे काम आपलेच आहे.

माझ्या स्नेह्याचे ते केसपेपर वहिनींनी अजून जपून ठेवले आहेत. एवढ्या निगुतीने रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या माणसाला शुल्काचा आणखी एक रकाना जड गेला नसता. तो लिहायला हवा, हे आम्हा मित्रांपैकी कोणी त्याला कधी सांगितले नाही, कारण आम्हीही तो लिहीत नव्हतो. आता मी लिहितो. आपणही लिहावे, एवढीच विनंती.